गादी सरकते म्हणजे काय?

आपल्या वार्षिकांकात कविता येतात, कथा येतात, सहलीची वर्णने येतात. दुखण्यावरचा लेख सहसा येत नाही, आणि तोही द्वितीय वर्ष कलाशाखेच्या विद्यार्थिनीचा. तेव्हा हा विषय मी का घेतला हे आधी सांगते. माझे वडील कळमना बाजारात हमाल आहेत. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या पायात कमरेपासून अंगठ्यापर्यंत कळ जाऊ लागली आणि दहाव्या दिवशी पाठीवर पोते घेणे बंद झाले. पुढे तपासण्या झाल्या, फोटो निघाले, इंग्रजीत अहवाल आला. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी पहिलीच, त्यामुळे तो अहवाल माझ्या हाती आला. अक्षरे वाचता आली, अर्थ लागेना. तो अर्थ लावण्यात सगळा हिवाळा गेला. मिळालेली माहिती घरातच का ठेवावी, असे वाटून हा लेख लिहीत आहे. कमरेचे दुखणे नाही असे घर आमच्या पारडीत मला माहीत नाही, आणि आपल्या प्राध्यापक-कक्षातही दोन खुर्च्यांवर कमरेच्या उशा दिसतात.

‘गादी सरकली’ हा शब्दप्रयोग आपण सर्वजण ऐकतो. त्यावरून असे वाटते, की दोन मणक्यांच्या मध्ये साबणाच्या वडीसारखी एखादी सुटी वस्तू ठेवलेली आहे, ती बाजूला घसरली, आणि कोणा जाणत्याने अंगठ्याने दाबून ती परत जागेवर बसवावी. अशी ‘गादी बसवून’ देणारे लोक गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडेही दोघांची नावे सुचवली गेली. वस्तुतः गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला इतकी घट्ट जुळलेली असते, की सरकायला तिला मोकळी जागाच नसते. मग होते काय?

आधी कणा कसा आहे ते पाहू. लहान मुलाच्या पाठीत ३३ मणके मोजतात : मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५, त्याखालचे ५ आणि शेपटाकडचे ४. वय वाढते तसे खालचे ५ जुळून त्रिकास्थी होते आणि शेवटच्या ४ चे माकडहाड. मानेतले अगदी वरचे दोन मणके सोडले, तर खाली त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक अशा २३ गाद्या असतात. डॉक्टर तिला डिस्क म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकांत चकती असा शब्द आहे. मला गादीच आवडते.

ही गादी दोन भागांची असते. बाहेरचे कडे चिवट तंतूंचे, एकावर एक थर असलेले. त्यातली खुबी अशी, की एका थरातले तंतू एका बाजूला तिरपे जातात आणि पुढच्या थरातले विरुद्ध बाजूला. सुतळीची बाज विणताना आपण आडवे-तिरपे वीण घालतो ती कशासाठी? कोणत्याही बाजूने ताण आला तरी बाज फाटू नये म्हणून. निसर्गाने हीच वीण आपल्या कमरेत घातली आहे. कड्याच्या आत साबुदाण्याच्या दाट खळीसारखा मऊ गर असतो. तरुणपणी त्याचा बहुतेक भाग पाणीच असतो. दिवसभर अंगावर वजन पडून यातले काही पाणी बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत येते. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. हे मी वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण करून पाहिले. खरे आहे.

मोठ्या माणसाच्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडातून जो काही ओलावा झिरपेल त्यावर तिचे पोषण. त्यामुळे तिला जखम झाली तर ती भरायला फार वेळ लागतो. वयाबरोबर गरातले पाणी कमी होते, कड्याला बारीक चिरा पडतात. अशा चिरलेल्या गादीवर एखाद्या दिवशी जोर येतो. पोते उचलताना येईल, शिंकताना येईल, बादली उचलायला वाकल्यावरही येईल. मग आतला गर चिरेतून मागच्या बाजूला बाहेर येतो. सायकलच्या टायरला चीर पडली की आतल्या ट्यूबचा गोळा बाहेर येतो, तसेच. म्हणजे गादी सरकत नाही, तिचे कडे फाटते. बाहेर आलेला गर दाबून परत आत ढकलता येत नाही. गादी बसवणाऱ्याने पाठीवर केलेला ‘कट्’ असा आवाज कशाचाही असो, गर आत गेल्याचा नसतो.

आणि नेमके मागे काय असते? नसा. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, हे मला आश्चर्याचे वाटले. त्याखाली नुसत्या नसांचा झुबका असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये ‘घोड्याची शेपटी’ असेच नाव दिले आहे. त्या शेपटीतली एकेक नस एकेका मणक्याजवळून बाहेर पडते, आणि त्यांतल्या काही एकत्र येऊन पायातली मोठी नस होते. शरीरातली ही सर्वांत जाड नस. तिच्या मुळावर गराचा दाब पडला, की दुखते कमरेत कमी आणि पायात जास्त. हीच सायटिका. आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी लंगडत चालतो ते गिधाडासारखे, अशी त्या शब्दाची एक फोड सांगतात. वडील नोव्हेंबरात अंगणातून नळापर्यंत जात, ते पाहिल्यावर शब्द ज्याने योजला त्याच्या निरीक्षणाचे कौतुक वाटले.

दाब एवढेच कारण नसते. गर नसेला लागला की तिथे सूज येते, आणि कळ मुख्यतः त्या सुजेची असते असे आता मानले जाते. म्हणून मोठा गोळा असून न दुखणारी माणसे असतात आणि लहानशा गोळ्याने रात्र रात्र जागणारीही असतात.

येथे एक फरक सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. उसण भरणे वेगळे आणि नस दबणे वेगळे. उसण ही कमरेच्या स्नायूंची किंवा सांध्याची. माणूस जागच्या जागी आखडतो, पण कळ पोटरीखाली उतरत नाही. ती बहुधा थोड्या दिवसांत आपोआप जाते. आपल्याकडे पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याने, कमरेला लाथ लावली की उसण जाते अशी समजूत आहे. आमच्या वस्तीत एक पायाळू काकू आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्या दारी गर्दी असते. त्या पैसे घेत नाहीत, पायही अगदी हलका लावतात. जी उसण आठ दिवसांत जायचीच असते ती काकूंच्या खात्यावर जमा होते, यात कोणाचे नुकसान नाही. परंतु नस दबलेल्याला कोणी जोराची लाथ घातली तर ते परवडणारे नाही.

नस दबली आहे का, हे ओळखण्याची पहिली परीक्षा यंत्राशिवाय होते. रोग्याला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता, पाय हळूहळू वर उचलतात. अर्ध्यावर जाण्याआधीच पायात वीज गेल्यासारखी कळ आली, तर दाब नसेच्या मुळाशी आहे असे समजतात. फ्रान्समधल्या लासेग नावाच्या वैद्याच्या नावाने ही परीक्षा ओळखली जाते. दुसरी परीक्षा त्याहून सोपी. टाचांवर चालून दाखवा, मग चवड्यांवर चालून दाखवा. चौथ्या व पाचव्या मणक्यांमधली गादी फाटली, तर कळ पोटरीच्या बाहेरून अंगठ्याकडे जाते आणि पाऊल वर उचलायला जोर कमी पडतो. म्हणजे टाचेवर चालता येत नाही. पाचव्या मणक्याखालची फाटली, तर कळ टाचेकडे व करंगळीकडे जाते आणि चवड्यावर उभे राहणे जड जाते. कमरेतल्या फाटलेल्या गाद्यांपैकी बहुतेक या दोनच ठिकाणच्या असतात. सारा भार तिथेच येऊन टेकतो.

भाराचे मोजमापही झाले आहे. स्वीडनमधले आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे असताना दाब १०० धरला, तर उताणे झोपल्यावर तो सुमारे २५, ताठ बसल्यावर १४०, आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ इतका भरला. नंतर १९९०च्या दशकात जर्मनीत नव्या साधनांनी मोजले तेव्हा बसण्याचा आणि उभे राहण्याचा फरक एवढा मोठा आढळला नाही. पण झोपल्यावर दाब सर्वांत कमी आणि वाकून वजन उचलताना सर्वांत जास्त, यावर दोन्हींचे एकमत आहे.

बसणे काही रोग्यांना का सोसत नाही, हे वाचताना मला बाबा आमटे आठवले. आपल्या विदर्भाला कण्याच्या दुखण्याची ओळख त्यांच्यामुळे जेवढी झाली तेवढी दुसऱ्या कोणामुळे झाली नसेल. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेला आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणारा हा माणूस आयुष्याची कित्येक वर्षे बसू शकत नव्हता. मान आणि कंबर दोन्हींकडचे मणके झिजत गेलेले. ते उभे राहत, चालत, नाहीतर आडवे पडत. १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ची तरुण मुले सायकलींवर कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली, तेव्हा सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत बिछान्यावर पडून त्यांच्याबरोबर गेले. पुढे १९९० पासून नर्मदाकाठी कसरावदला राहिले, तेही याच पाठीनिशी. २००८ मध्ये ते गेले. त्यांच्या धैर्याचे गोडवे सर्वांनी गाइले आहेत, मी त्यात भर घालीत नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : झिजलेला कणा परत नवा होत नाही. त्याच्याबरोबर कसे राहायचे हे ठरवावे लागते, आणि दिवस आपला आपण आखता आला तरच ते जमते.

आता अहवालाकडे येते. एम. आर. आय. या यंत्रात क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकाच्या साह्याने शरीरातल्या पाण्याचे चित्र निघते, म्हणून गादी त्यात स्पष्ट दिसते. साध्या क्ष-किरण फोटोत हाडेच दिसतात. वडिलांच्या अहवालात एकूण पाच गाद्यांपैकी तीन खराब लिहिल्या होत्या. ज्या खाजगी दवाखान्यात आम्ही आधी गेलो होतो, तिथे तो कागद पाहून ‘तीन मणके गेले, आठ दिवसांत स्क्रू बसवले नाहीत तर पाय जाईल’ असे सांगितले गेले. खर्चाचा आकडा आमच्या घरच्या दोन वर्षांच्या मिळकतीएवढा होता. ‘तीन मणके गेले’ हे ऐकून आई रात्रभर बसून होती. मीही बी. ए. पुढे नेता येईल की नाही याचा हिशेब मनात मांडला.

चार दिवसांनी मेडिकलच्या बाह्यरुग्ण विभागात एका निवासी डॉक्टरांनी तोच कागद पाहिला. त्यांनी फोटो दिव्यावर लावण्याआधी वडिलांना टाचेवर चालवले, पाय उचलून पाहिला, अंगठ्याचा जोर पाहिला, लघवीला त्रास होतो का हे विचारले. मग म्हणाले, “काका, यातल्या दोन गाद्या तुमच्या वयाच्या आहेत. दुखणे एकाच गादीचे आहे.”

हे ‘वयाच्या गाद्या’ प्रकरण मी पुढे ग्रंथालयातल्या संगणकावर वाचले, आणि या विषयात सर्वांनी जाणून घ्यावी अशी हीच गोष्ट आहे. ज्यांची कंबर मुळीच दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांचे फोटो एकत्र अभ्यासून २०१५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या, आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. फुगलेली गादी विशीत ३० टक्क्यांना आणि ऐंशीत ८४ टक्क्यांना. पुन्हा सांगते, यांतल्या कोणाचेही दुखत नव्हते. म्हणजे आपल्या वर्गातली साठ मुले-मुली त्या यंत्रात घातली, तर पंधरा-वीस जणांच्या हाती ‘गादी फुगली आहे’ असा कागद येईल. कागद खोटा नसतो. पण तो केस पिकल्याच्या फोटोसारखा असतो. फोटोतला दोष आणि पायातली कळ एकाच नसेवर जुळली तरच त्याला अर्थ.

दुसरी गोष्ट काळाची. बाहेर आलेल्या गराला शरीर परका समजते आणि पांढऱ्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. मोठा, सुटा तुकडा पुष्कळदा लहान गोळ्यापेक्षा लवकर विरतो. हे वाचल्यावर मला खरेच वाटेना. नेदरलँडमध्ये एक प्रयोग झाला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्याला औषधे देऊन थांबायला सांगितले. शस्त्रक्रियेच्या गटाला आराम फार लवकर पडला : निम्मे लोक चार आठवड्यांत सावरले, तर थांबलेल्यांना बारा आठवडे लागले. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना कळ सोसेना, त्यांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली. मात्र वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे होते. म्हणजे शस्त्रक्रिया मुख्यतः वेळ विकत घेऊन देते. ज्याच्याकडे वेळ आहे त्याने थांबावे, ज्याला कळ सोसत नाही त्याने करून घ्यावी. दोघेही शहाणे.

थांबायचे म्हणजे अंथरुणाला खिळायचे नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत साध्या कंबरदुखीच्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले, आणि बाकी कशातही मागे नव्हते. आमच्याकडे मात्र तीन आठवड्यांचा पलंग सर्व नातेवाइकांनी एकमताने ठरवला होता. डॉक्टरांनी तो पहिल्याच दिवशी मोडला.

परंतु काही वेळा एक दिवसही थांबता येत नाही, आणि हा परिच्छेद वाचकांनी घरी मोठ्याने वाचून दाखवावा. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचाचे भान राहिले नाही, सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिरता आली, दोन्ही पाय ढिले पडू लागले, तर घोड्याच्या शेपटीचा संपूर्ण झुबका दबला आहे असे समजावे. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. येथे उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. स्त्रिया हे लक्षण संकोचाने सांगत नाहीत, म्हणून त्यांना विचारावे. तसेच पाऊल लुळे पडू लागले, चप्पल पायातून आपोआप निसटू लागली, तरी लवकर दाखवावे.

आणि आपल्या देशात आणखी एक शंका मनात ठेवावी लागते, ती क्षयाची. क्षय फुप्फुसाला होतो एवढेच पुष्कळांना ठाऊक असते, पण तो मणक्यालाही होतो. इंग्लंडमधल्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले म्हणून त्याला पॉटचा रोग म्हणतात. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपेतही दुखणे, पाठीला बाक येणे ही त्याची चिन्हे. पूर्वी अशा रोग्यांना वर्षानुवर्षे प्लास्टरमध्ये ठेवीत. पुढे प्रत्येकाची शस्त्रक्रिया करावी असा एक पक्ष निघाला. वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मधला मार्ग मांडला : सर्वांना औषधे, आणि शस्त्रक्रिया फक्त औषधांना दाद न देणाऱ्यांना किंवा पाय लुळे पडूनही सुधारणा न होणाऱ्यांना. आपल्या देशातून निघालेला हा विचार जगभर मान्य झाला, पण आपण शाळेत त्यांचे नावही ऐकत नाही. क्षयाची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. ती पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावी लागतात, एवढेच.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. फाटलेल्या गादीमुळे सायटिका होते हे माहीत होऊन शंभर वर्षेही झाली नाहीत. त्याआधी शल्यवैद्यांना नसेजवळ असे गोळे सापडत, पण ते त्यांना गाठ समजून काढीत. बोस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ मध्ये दाखवून दिले, की ती गाठ नव्हे, तो गादीचाच तुकडा. तिथून ही शस्त्रक्रिया सुरू झाली. आता रोग्याला पालथे झोपवतात, क्ष-किरणाने मणका नक्की करतात, दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, स्नायू बाजूला सारतात, हाडाची थोडी कड कोरून पिवळ्या रंगाचा एक बंध उघडतात. खाली नस दिसते. ती हलकेच बाजूला धरून तिच्याखालचा गराचा तुकडा चिमट्याने काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने हे काम केले तर छेद आणखी लहान. दुसऱ्या दिवशी रोगी चालू लागतो. पायातली कळ पुष्कळांची शुद्धीवर येतानाच गेलेली असते.

यात पूर्ण गादी काढीत नाहीत, बाहेर आलेला आणि सुटा झालेला भाग तेवढा काढतात. कड्याची चीर तशीच राहते. म्हणून शंभरांतल्या पाच ते पंधरा जणांना पुढे त्याच जागी पुन्हा गर बाहेर येतो. नसेभोवतालचे आवरण फाटणे, जंतुसंसर्ग, क्वचित नसेला इजा, हे धोकेही असतात. थोडे असतात, पण ‘शंभर टक्के’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. स्क्रू आणि सळ्या घालून दोन मणके जोडणे ही निराळी आणि मोठी शस्त्रक्रिया. मणका पुढे घसरला असेल, हाड मोडले असेल, कणा अस्थिर झाला असेल, तर ती लागते. साध्या फाटलेल्या गादीला सहसा लागत नाही. ती करणाऱ्याने तंबाखू सोडावी लागते, कारण निकोटीनने हाड जुळण्यात अडथळा येतो. हे ऐकताना वडिलांनी खिशातल्या खर्ऱ्याच्या पुडीवर हात ठेवला, तो मी पाहिला.

त्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, “डाक्टरसाहेब, आपरेशन केलं तं मले पोतं उचलता येईन का नाही?”

डॉक्टर थोडे थांबून म्हणाले, “काका, ऑपरेशन पायासाठी असते, कमरेसाठी नसते. पायातली कळ जाईल. कंबर आहे तीच राहील. पोत्याचे मी वचन देत नाही.”

माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म त्या उत्तरात आहे, आणि खाजगी दवाखान्यातल्या रंगीत पुस्तिकेत ते कुठेही नव्हते. शस्त्रक्रिया नस मोकळी करते. झिजलेल्या गादीत पाणी भरत नाही, फाटलेली वीण पुन्हा विणत नाही. केवळ कंबर दुखते, पाय दुखत नाही, अशा माणसाने गर काढून घेतला तर त्याला फारसा लाभ होत नाही, तो याचमुळे.

वडिलांच्या पायाचा जोर थोडाच कमी होता, लघवीची तक्रार नव्हती. म्हणून सहा आठवडे गोळ्या, चालणे आणि कमरेचे व्यायाम, दर पंधरा दिवसांनी अंगठ्याचा जोर तपासणे, आणि तो घटला तर शस्त्रक्रिया, असे ठरले. तशी वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे असे सांगितले गेले. ही माहिती घर गहाण टाकण्याच्या आधी मिळाली पाहिजे. सहसा नंतर मिळते.

गादी का फाटली, याचा राग मी पोत्यावर काढला होता. तिथेही शास्त्राने मला थोडे अडवले. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात जुळ्या भावांच्या कण्यांचा अभ्यास झाला. एक भाऊ आयुष्यभर जड काम करणारा, दुसरा हलके काम करणारा. तरी दोघांच्या गाद्यांची झीज बरीचशी सारखी निघाली. म्हणजे झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, ओझ्याचा वाटा आपण समजतो त्याहून कमी. हे मी मान्य करते. पण तशीच गादी एखाद्या कारकुनाची असली तर तो सहा आठवडे रजा टाकतो. हमालाची असली तर सातव्या दिवशी चूल विचारते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका पुरुषाने नेहमी उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सांगितली. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात, सर्व काही अनुकूल असले तरी, ती २३ किलो आहे. वडील कामाला लागले तेव्हा पोते १०० किलोचे असे. आता बहुतेक ५० चे असते, आणि दिवसाला किती पोती हे गाड्या ठरवतात. आपल्या राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, त्यात नोंद असलेल्याला भविष्य निर्वाह निधी मिळतो, औषधोपचाराची तरतूद असते. नोंद नसलेल्याच्या पाठीला कायदा दिसत नाही. आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला ‘असंघटित क्षेत्र’ हा शब्द येतो तेव्हा मी आता वहीतून मान वर करते.

फेब्रुवारी संपत आला आहे. कळ आता मांडीपर्यंतच येते, रोज येत नाही. टोळीने वडिलांना पोत्यांची तोंडे शिवण्याचे काम दिले आहे. दाभण आणि सुतळी घेऊन ते उभ्याने शिवतात, कारण बसले की अर्ध्या तासात पायाला मुंग्या येतात. मजुरी निम्म्याहून कमी आहे. मुकादम दर सोमवारी विचारतो, पाठीवर केव्हापासून घेणार. येत्या तपासणीला टाचेवर चालून दाखवायचे आहे, म्हणून रात्री जेवणानंतर ते स्वयंपाकघरातून दारापर्यंत टाचांवर जातात आणि परत येतात. आई भिंतीचा आधार घेऊ देत नाही. काल सहा फेऱ्या झाल्या. उजवी टाच अजून डावीपेक्षा आधी खाली येते.